देवीला सोडलेलं बदक

आता मी जे सांगतो ते तुम्ही कुणी खरं मानणार नाही. मानू नका. आजवर माझं काही मानलं नाही, ते आज कशाला मानाल? पण ही हकिकत घडली तेव्हा साक्षीला आख्खं गाव होतं, गढीवरचे जागीरदार होते, त्यांचा जमादार होता आणि माझे दोन बैल होते. जागीरदार पुढं वारले, जमादार पेन्शन घेऊन हैदराबादेकडं गेला, बैल म्हातारे होऊन गेले. राहता राहिली तुळजा, माझी बायको. ती आज माहेरी गेलीय, घाटनांदूरला. म्हणून तर सांगायला बसलोय.

"म्हंजे वैनी असत्या तर सांगितलं नसतं?" उत्तरेश्वरानं विचारलं.

"सांगितलं असतं. पण ती मधे मधे दुरुस्त्या करती. मग गोष्ट वाळून जाती."

आम्ही लिंबाखाली बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. उत्तरेश्वर शेजारचा, दोन शेंगा फोडायच्या, एक खायची, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या अंगाला माझी धाकटी बहीण बायना. ती सूप मांडीवर घेऊन मुकाट फोडत होती. बायनाच्या बोलण्याची मला कधी भीती वाटत नाही, तिच्या ऐकण्याची वाटते. पण ही गोष्ट घडली तेव्हा ती चकलांब्याला नांदत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

तर ऐका. हैदराबादेत मुशी नदीला तो मोठा पूर आला, त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. आपल्याकडं पाऊस बरा झालेला. नेकनूरच्या अलीकडचं आपलं हे तळं असं भरलं होतं की बांधावर बसलेल्या माणसाच्या चिलमीत मासे यायचे.

"चिलमीत," उत्तरेश्वर म्हणाला.

"बारके. मोठे कसे येतील?"

त्या साली ईद आणि घटस्थापना लागून आल्या होत्या. गढीवर शिरखुर्मा झाला, गावात घट बसले. तुळजा देवीसाठी तळ्यावर कमळं आणायला गेली. तुम्हाला तळ्याचं शेपूट ठाऊक आहे, जिथं पाणी गुडघाभर आणि चिखल मांडीभर. तिथं पाणकणीस माणसाच्या डोक्यावर जातं, खाली लव्हाळा, मधे मधे कमळाची पानं. माणूस तिकडं जात नाही, जनावर रुतून बसतं. बगळे, पाणकोंबड्या आणि असल्याच पाखरांचं ते गाव.

तिथं काठावरच्या बाभळीच्या तुटक्या फांदीत एक बदक अडकलं होतं. पंखात काटा. तुळजानं काटा काढला, पाखरू पदरात घेतलं आणि चोच बघून जागीच बसली. काळीभोर चोच. टोकाला हळदीचं बोट लावावं तसं पिवळं. आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाखाली, दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक ठिपका. लालजर्द.

आता तूच सांग उत्तरेश्वरा, आपल्या गावात कोंबडं, बकरं, खोंड देवीच्या नावानं सोडायचं झालं तर काय करतो आपण?

"हळद-कुंकू लावून सोडतो."

आणि असं सोडलेलं जनावर शेतात शिरलं तरी कुणी काठी उगारतो का?

"न्हाई उगारत."

मग झालं तर. तुळजानं ठरवलं, हे कुणीतरी देवीला सोडलेलं बदक आहे, ऐन नवरात्रात आपल्याकडं आलंय, आणि याला कुणी कापून खाल्लं तर पाप आपल्या दारात. तिनं ते घरी आणलं, घटाजवळ डालं पालथं घातलं, त्याखाली ठेवलं. मी म्हणालो, "अगं, याचे पाय बघ. नारिंगी. देवीला सोडताना पाय कोण रंगवतं?"

"हौस असती एकेकीला," तुळजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया दर्शनाला. केसरबाई पाटलीण आली, तिनं डाल्याखाली हात घालून आणखी थोडं कुंकू लावलं. तिच्यामागं जानकीबाई आली, तिनं हळद लावली. तिसऱ्या माळेपर्यंत बदकाची चोच लग्नातल्या करवलीसारखी दिसायला लागली. बदक बिचारं गप्प. फक्त दिवस कलला की तळ्याकडं तोंड करायचं आणि घशातून एक घोगरी हाक मारायचं. मी एकदा त्याच्याशी बोलायला गेलो, तर माझ्या करंगळीला चावलं. हा बघा वण.

"त्यो वण विळ्याचा हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "माझ्यासमोर लागलावता."

विळ्याचा आहे, बरोबर. पण बदक चावलं होतं तिथंच विळा लागला.

इकडं गढीवर काय झालं ते बघा. बेगमसाहेबांनी हैदराबादेहून एक बदक आणवलं होतं. ते जनान्यात असायचं, आतल्या चौकातल्या हौदात. बाहेरच्या पुरुषमाणसानं ते पाहिलेलंच नाही. खुद्द जागीरदारसाहेब त्याच्याकडं बघायचे नाहीत. बदकाकडं बघायला त्यांना फुरसत कुठली, पतंगातून सवड मिळाली तर ना. ईदेला बेगमसाहेबांनी त्या बदकाच्या पायांना मेंदी लावली आणि चोचीवर लाल टिकल्या काढल्या. एवढी बातमी तेवढी दारावरच्या माणसांपर्यंत आलेली. ईद झाली आणि बेगमसाहेब दासींसकट माहेरी गेल्या, औरंगाबादेला. दोन दिवसांनी जमादार मस्तानखांनं जनान्याच्या दारातून आत डोकावून पाहिलं तर हौद रिकामा.

मस्तानखां माणूस वाईट नव्हता. दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज नगाऱ्यासारखा, आणि मनातून बेगमसाहेबांना भिऊन असलेला. बदक त्याच्या पहाऱ्यातून गेलं, आता बेगमसाहेब आल्यावर काय सांगायचं, या काळजीनं त्याला घास गिळेना. तेवढ्यात त्याच्या कानावर आलं, की रामहरीच्या घरी लाल टिकल्यांचं आणि रंगीत पायांचं बदक आहे, आणि बाया त्याच्या पाया पडतायत. रामहरी म्हणजे मीच. तेव्हा मला अजून कुणी आप्पा म्हणत नव्हतं.

तो चार शिपाई घेऊन आला. डालं उचललं. पाय बघितले, चोच बघितली आणि त्याच्या तोंडावर असं सुख पसरलं की मलाच बरं वाटलं. पुढच्याच घटकेला मला बरं वाटायचं थांबलं.

"चोर का बच्चा," तो म्हणाला. "बेगमसाहब का बदक, और तू इसकी पूजा करता?"

"जमादारसाहेब, हे देवीला सोडलेलं हाय."

"मेंदी तेरी देवी ने लगाई?"

बदक, मी आणि माझे दोन्ही बैल, सगळ्यांना त्यानं गढीवर नेलं. मोऱ्या आणि बाळ्या त्या बैलांची नावं. माझे पाय खोड्यात अडकवले. बैल समोरच्या गोठ्यात बांधले. आणि हुकूम सुनावला, की चोरी शाबीत झाली की बैल जागिरीत जमा.

आता यात किती वाईट होतं ते तुम्हाला सांगायला नको. रानाला नुकता वाफसा आलेला. ज्वारीची तिफण उद्या-परवा धरायची. आख्ख्या शिवारात ज्याचे त्याचे बैल ज्याच्या त्याच्या तिफणीला, मागितले तर कोण देणार? आणि वाफसा काय कुणासाठी थांबतोय? चार उन्हं पडली की रान पापडासारखं. बैल गेले म्हणजे पेर गेली, पेर गेली म्हणजे वर्षभर काय खायचं, बदक?

मी खोड्यात बसून बैलांकडं बघत होतो आणि बैल माझ्याकडं. त्या दिवशी मला इतका घाम फुटला की गढीच्या पायरीवर शेवाळ आलं. अजून आहे. जाऊन बघा.

"गढीची पायरी पडून धा वर्सं झाली," उत्तरेश्वर म्हणाला.

त्या शेवाळावरूनच कुणीतरी घसरलं आणि पडली.

जागीरदारसाहेब पान खात बाहेर आले. बारीक अंगाचे, डोळ्यांत सुरमा, माणूस मोकळा. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. तुळजा दाराशी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तीच म्हणाली, "सरकार, हळद-कुंकू असंल तर धुतल्यावर जाईल. धुऊन बघा."

हे मला पटलं. जागीरदारांनाही पटलं. पितळेची परात आली, चिंच आली, राख आली. मस्तानखांनं स्वतः बदक धरलं, एका शिपायानं चोच घासली. पहिल्या हातालाच परातीतलं पाणी लाल झालं, मग पिवळं झालं. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोललो. जागीरदार म्हणाले, "अरे मस्तान, ये तो धुल गया."

मग शिपायानं फडक्यानं चोच पुसली.

चोच काळीभोर. टोक पिवळं. मुळाशी दोन लाल ठिपके. आधी होते तसेच, उलट जास्त चमकणारे. वरचं सगळं केसरबाई आणि जानकीबाईचं धुऊन गेलं होतं. खालचं, कुणी का लावलेलं असेना, तिथंच होतं.

पुन्हा घासलं. पुन्हा तेच. पाय घासले, त्यांचा रंग तर मुळीच ढळेना.

"हुजूर, मेंदी है," मस्तानखां म्हणाला. "मेंदी धुतली तर जाती का?"

तुळजाचा सल्ला असा आमच्याच अंगावर आला. मोऱ्यानं त्या वेळी गोठ्यातून जो सुस्कारा सोडला तो तुम्ही ऐकला असता तर तुम्हाला रडू आलं असतं.

जागीरदार विड्याची देठं चघळत उभे राहिले. आणि नेमका तेव्हाच दिवस कलला. बदकानं तळ्याकडं तोंड केलं आणि ती घोगरी हाक मारली. मस्तानखांच्या बगलेतून.

मला ती रोजची हाक. पण त्या दिवशी मी खोड्यात होतो, आणि खोड्यात माणसाला विचार करायला जागा भरपूर असते. मी म्हणालो, "सरकार, हे बदक तुमच्या हौदातलं असंल तर त्याचं तोंड हौदाकडं पाहिजे. हे रोज या वक्ताला तळ्याकडं बघून कुणाला तरी बोलावतंय. एकदा तळ्यावर नेऊन तर बघा."

"और उड गया तो?" मस्तानखां म्हणाला. "बेगमसाहब को क्या दिखाऊंगा, तेरा मुंह?"

"पायाला सुतळी बांधा की. टोक तुमच्या हातात."

जागीरदारांना हे आवडलं. त्यांना पतंगाचा नाद होता, म्हणून कुठंही दोरी आली की त्यांचा चेहरा उजळायचा. मला खोड्यातून काढलं. मस्तानखांच्या मुठीत सुतळी, सुतळीच्या टोकाला बदक, मागं घोड्यावर जागीरदार, त्यांच्या मागं मी आणि दोन शिपाई, आणि सगळ्यांच्या मागं आख्खं गाव. अशी ती मिरवणूक तळ्याच्या शेपटाला गेली.

तिथं बदक चिखलात सोडलं. ते पाच-सहा पावलं चाललं, सुतळी ताणली, थांबलं. मान वर केली आणि हाक मारली. पाणकणसात सगळं गप्प. पुन्हा हाक मारली. एक टिटवी उठून ओरडत गेली. मस्तानखां माझ्याकडं बघून हसला. मी बैलांचा विचार करत होतो.

तिसऱ्या हाकेला पाणकणीस हललं. आतून एक बदक पोहत बाहेर आलं. अंगावर खवल्यासारखी नक्षी, पंखात हिरवी चकाकी, तिला पांढरी किनार. चोच काळी, टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. मागं पिलं, माळेतल्या मण्यांसारखी एकामागं एक. ते आलं, आमच्या बदकाभोवती फिरलं आणि त्याच्या मानेला चोच लावली. तोवर कमळाच्या पानांमागून आणखी दोन आली. मग लव्हाळ्यातून चार. एक काठावर चढलं, त्याचे पाय नारिंगी. दुसरं चढलं, त्याचेही नारिंगी. कुठलीही चोच बघा, सगळ्यांना हळद, सगळ्यांना कुंकू.

आपल्या तळ्यात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण कधी त्या चिखलात गेलो नाही आणि ती कधी गावात आली नाहीत, म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून गावात त्यांना हळदी-कुंकू बदक म्हणायला लागले.

जागीरदार घोड्यावरून उतरले. "मस्तान," ते म्हणाले, "हमारी बेगम ने इन सब को मेंदी कब लगाई?"

मस्तानखां हरायला तयार नव्हता. भ्यालेला माणूस सहज हरत नाही. तो म्हणाला, "हुजूर, ही सगळी ह्या बायांची करामत हाय. ह्यांनी तळ्यावर येऊन सगळ्यांना कुंकू लावलंय. हमारा बदक उनमें मिला दिया."

गावात कुजबुज सुरू झाली. आणि मला वाटलं, आता हे कसं खोडायचं? तेवढ्यात तुळजा पुढं आली. पदर सावरला आणि म्हणाली, "जमादारदादा, आमी हळदी-कुंकू बायकांना लावतो. सवाशिणीला. गड्याला कोन लावतंय?"

"तो फिर?" मस्तानखां म्हणाला.

"ही जोडी बघा, हे सुतळीचं आन ते पिलं घेऊन आलेलं. पिलं हायती म्हंजे दोघांत एक तरी गडी असंलच की न्हाई? आन दोघांच्याबी चोचीला कुंकू हाय. आमी लावलं असतं तर गड्याची चोच कोरी राह्यली असती."

जागीरदार वाकून बघायला लागले. या बदकाकडं, त्या बदकाकडं. नक्षी तीच, चकाकी तीच, ठिपके तेच, तसूभर फरक नाही. त्यांनी मला विचारलं, "रामहरी, इसमें मर्द कौनसा?"

मी हात जोडले. "सरकार, दोघं अगदी सारखी. आपल्याला काय कळतंय. ते त्यांचं त्यांनाच ठाऊक."

जागीरदार इतके हसले की त्यांचं पान सांडलं. त्यांनी स्वतःच्या हातानं सुतळी सोडली. बदक पाण्यात गेलं, जोडी पिलांच्या पुढं लागली, आणि सगळी माळ पाणकणसात आत शिरली. पाणी थोडं हललं, मग नीट झालं.

माझ्या छातीवरून डोंगर उतरला म्हणतात ना, तो बालाघाटचा होता. गढीवर जाऊन मी मोऱ्या-बाळ्याचं दावं सोडलं. बैल असे चालत होते की वाटेवरचे खडे बाजूला होत होते. घरी आल्यावर तुळजानं त्यांना ओवाळलं, मग मला ओवाळलं. आधी बैलांना, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तिफण रानात होती. माती हातात घेतली की लाडवासारखी वळत होती. असा वाफसा मी पुन्हा पाहिला नाही. त्या साली ज्वारीची कणसं एवढी भरली की एकेका ताटाला बांबूचा टेकू द्यावा लागला.

मस्तानखां तेवढा तोंड पाडून हिंडत होता. पण त्याचंही भागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेगमसाहेबांची गाडी आली. पडदा सरला आणि सगळ्यात आधी कोण उतरलं? बदक. बेगमसाहेब त्याला माहेरी घेऊन गेल्या होत्या, कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. आणि ते बदक दुधासारखं पांढरं होतं. नखशिखांत. मस्तानखां तिथंच पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला की रडला ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळी तो आमच्या घरी आला. मोऱ्यासाठी गुळाची ढेप घेऊन. तुळजानं त्याला चहा दिला.

"इथवर मी मानलं," उत्तरेश्वर म्हणाला. "पाखराला जल्मताच हळद-कुंकू असतं, हे सोडून."

तेच तर खरं आहे, लेका. जा आणि तळ्यावर बघून ये. ते सोडून बाकी सगळं हवं तर मानू नकोस.

"बरं. मग ती बदकं पुन्हा दिसली का?"

दिसली म्हणजे? पुढल्याच नवरात्रात, पहिल्या माळेला, दारात आली. चालत. बांधावरून, शेवगावच्या वाटेनं, मारुतीच्या पारापासून डावीकडं वळून, रांगेनं. मोठी झालेली पिलं मागं. बदकीण उंबरा ओलांडून आत गेली आणि तुळजापुढं मान वाकवून उभी राहिली. तुळजानं तिला हळदी-कुंकू लावलं, ओटीत मूठभर गहू घातले. गडी मात्र आत आला नाही. बायकांच्या हळदी-कुंकवात गड्याचं काय काम? तेवढी रीत त्याला होती. तो बाहेर ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला, पाय पोटाखाली घेऊन. मी पानाचा डबा पुढं केला.

उत्तरेश्वराच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मग? खाल्लं का पान?"

पान घेतलं. सुपारी नको म्हणाला.

उत्तरेश्वरानं मान हलवली. त्याला पटत होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला, आता थोडं थांबून त्या गड्याशी माझं काय बोलणं झालं ते सांगावं म्हणून. तेवढ्यात बायनानं सूप खाली ठेवलं. पदरातली फोलं झटकली.

"दादा," ती म्हणाली, "तळ्यावर जागीरदारानं इचारलं तवा दोघं अगदी सारखी हुती. आपल्याला काय कळतंय म्हनलास, हात जोडून. आन तेवढ्यावर तुजे बैल सुटले. मग वर्साच्या आत वट्यावर बसलेला गडीच हाय, हे तुला कशावरनं कळलं? खोटं बोलतूस तू."